रोज पाणी घालूनही फ्लॅटमधली तुळस का जळते? पानांवरून कारण असं ओळखा

नर्सरीतून आणलेली तुळस पहिले पंधरा दिवस छान दिसते. मग खालची चार-दोन पानं पिवळी पडतात, कडा तपकिरी होतात, शेंडे मान टाकतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पाणी कमी पडतंय गं.’ पाणी वाढतं. महिन्याभरात कुंडीत नुसत्या काड्या उरतात. मग नवी तुळस येते आणि तिचंही तेच होतं.

मनी प्लांट मेला तर लोक हळहळतात आणि विसरतात. तुळशीचं तसं नसतं. तुळस जळाली की फॅमिली ग्रुपवर लगेच फॉरवर्ड येतो: घरावर संकट येणार, लक्ष्मी रुसली, कुणाची तरी नजर लागली. काही घरांत तर थेट बोट दाखवलं जातं, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या सुनेकडे असतं. तिने शिवू नये तेव्हा शिवलं, मनापासून पाणी घातलं नाही, तिचा हातच जड आहे, वगैरे. प्रत्यक्षात जळालेल्या तुळशीच्या पानांवर कारण बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचता आलं तर झाडही वाचतं आणि घरातली बोलणीही.

आधी बोट, मग तांब्या

पहिली तपासणी पानांची नाही, मातीची. कुंडीतल्या मातीत बोट दोन पेरं आत घाला. माती कोरडी आहे आणि तुळस मलूल आहे, तर तिला खरंच तहान लागली आहे. पाणी घातलं की दोन-तीन तासांत ती मान वर काढते. पण माती ओली, गार, चिकट आहे आणि तरीही पानं लोंबतायत, तर मुळं कुजायला लागली आहेत असं समजा. इथे आणखी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं.

गोंधळ होतो तो इथेच, कारण दोन्ही वेळा पान सारखंच दिसतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन मुळं वापरतात. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि पिथियम, फायटोफ्थोरासारख्या मुळं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना रान मोकळं मिळतं. कुजलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणजे बुडाशी तळं साचलेलं असतं आणि शेंड्याची पानं तहानेने मरत असतात. घरातल्या माणसाला फक्त शेंडा दिसतो, म्हणून तो आणखी एक तांब्या ओततो.

‘पण आमची आजी तर रोज तांब्याभर पाणी घालायची आणि तुळस कमरेएवढी व्हायची!’ हे खरं आहे. पण आजीची तुळस अंगणातल्या वृंदावनात होती. वृंदावन म्हणजे मातीचा उंच खांबच. त्यात घातलेलं पाणी खोल झिरपून जातं, वरून दिवसभर ऊन आणि वारा लागतो, सकाळचा तांब्या संध्याकाळपर्यंत सुकतो. फ्लॅटमधल्या सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत जेमतेम दोन-अडीच लिटर माती बसते. तिच्यात रोज अर्धा लिटर पाणी ओतायचं, कुंडीखाली थाळी ठेवायची म्हणजे फरशी खराब होत नाही, आणि थाळीत साचलेलं पाणी तसंच राहू द्यायचं. परंपरा तीच राहिली, भांडं बदललं. काही नक्षीदार कुंड्यांना तर खाली भोकच नसतं. त्यांत तुळस लावणं म्हणजे तिला बादलीत लावण्यासारखं आहे.

रोज पाणी घालण्याचा नेम मोडायचा नसेल तर तोही मोडावा लागत नाही. पळीभर पाणी रोज घाला. भरपूर पाणी मात्र वरची माती सुकल्यावरच द्या आणि ते खालच्या भोकातून वाहून जाऊ द्या. काही घरांत रविवारी आणि एकादशीला तुळशीला पाणी घालत नाहीत. श्रद्धेचं कारण वेगळं असेल, पण कुंडीतल्या मुळांना ती सुट्टी मानवते.

तपकिरी नेमकं कुठे आहे?

पाण्याचा प्रश्न नाही अशी खात्री झाली की पानांकडे वळा. डाग कुठे सुरू झाला, हे त्याच्या रंगापेक्षा महत्त्वाचं असतं.

सगळ्यात खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतायत आणि शेंड्याची हिरवी आहेत, तर झाड जुन्या पानांतलं अन्न काढून नव्यांना देतंय. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम झाडात इकडून तिकडे फिरू शकतात, म्हणून त्यांची टंचाई खालून दिसते. अख्खं पान एकसारखं फिकट झालं तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तर मॅग्नेशियम. जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या, तर पालाश. याउलट लोह झाडात फिरत नाही. त्यामुळे शेंड्याची कोवळी पानंच पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर लोह मिळत नाहीये. बऱ्याचदा लोह मातीत असतं, पण माती आणि पाणी क्षारयुक्त असल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही.

हे वाचून लगेच खताच्या दुकानात धावू नका. मुळं कुजलेली असतील तर माती कितीही सकस असो, झाड उपाशीच राहतं आणि लक्षणं हीच दिसतात. दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत एवढं तुळशीला पुरतं. चिमूटभर म्हणून घातलेला युरिया छोट्या कुंडीत चिमूटभर राहत नाही. त्यानेच पानांची टोकं जळतात.

सगळ्याच पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत आहेत का? मग मातीचा वरचा थर आणि कुंडीची कड बघा. तिथे पांढरी खपली दिसली तर दोष पाण्यातल्या क्षारांचा. पुण्या-मुंबईच्या अनेक सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. ते जड असतं. पाणी उडून जातं, क्षार कुंडीत मागे राहतात आणि साठत जातात. पाणी वाचवायचं म्हणून आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी झाडांना घालणारी बरीच घरं आहेत. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरा. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात मात्र क्षार जवळपास नसतात, ते झाडाला चालतं. खपली दिसत असेल तर ती खरवडून काढा आणि एकदा साधं पाणी कुंडीतून भरपूर वाहून जाऊ द्या. पावसाचं मिळालं तर उत्तमच.

गोल, गडद डाग, भोवती पिवळी कड आणि तेही पावसाळ्यात, तर तो बुरशीजन्य करपा असू शकतो. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर भुरी. अशी पानं तोडून कचऱ्यात टाका, त्याच कुंडीत खत म्हणून घालू नका. झाडाला वारा लागू द्या आणि पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी घाला.

पान उलटून बघता का?

तुळशीची पानं वरून राखाडी, मळकट दिसतायत, आकसून वाकडी होतायत, मग तपकिरी होऊन गळतायत. पाणी ठीक, ऊनही ठीक. अशा वेळी पान उलटून बघायचं. मागच्या बाजूला काळ्या ठिपक्यांसारखी विष्ठा आणि दोन-तीन मिलिमीटरचे, जाळीदार पंखांचे किडे दिसले तर गुन्हेगार सापडला. याला लेस बग म्हणतात, शास्त्रीय नाव कॉक्लोकायला बुलिटा. तुळस आणि तिच्या जवळच्या वनस्पती हे त्याचं आवडतं खाद्य. पानामागे बसून तो रस शोषतो. अख्खी तुळस ‘अचानक जळाली’ असं लोक सांगतात, तेव्हा अनेकदा हा किडा तीन आठवडे तिथे मुक्कामाला असतो. पान कुणी उलटलेलंच नसतं.

दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे लाल कोळी. तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना धुळीसारखा वाटतो. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि फांद्यांच्या बेचक्यात बारीक जाळी ही त्याची खूण. पांढरा कागद पानाखाली धरून फांदी टिचकीने हलवा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले, तर कोळी आहे. कोरड्या, गरम हवेत तो झपाट्याने वाढतो, म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात याच्याकडे जास्त लक्ष हवं. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण, आणि त्याच्या मागोमाग मुंग्या.

उपाय सगळ्यांवर जवळपास एकच. कुंडी बाथरूममध्ये न्या, पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. संध्याकाळी एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब घालून पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. भर उन्हात फवारलं तर तेलामुळेच पानं भाजतात. लेस बग अंडी पानाच्या आत घालतो, त्यांच्यावर फवाऱ्याचा परिणाम होत नाही. म्हणून आठ-आठ दिवसांनी किमान तीनदा फवारणी हवी. लोक एकदा फवारतात, किडे गेले म्हणून खूश होतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बाजारातलं रासायनिक कीटकनाशक मात्र घरच्या तुळशीवर नको. तिची पानं तीर्थात जातात, काढ्यात जातात, लहान मुलंही येता-जाता खातात. कडुनिंबाचं फवारलेलं असेल तरी काही दिवस थांबून, पानं नीट धुऊनच वापरा.

दिवा, दूध आणि उदबत्ती

हा मुद्दा अनेकांना आवडत नाही, पण टाळता येत नाही. झाडाच्या एकाच बाजूची आणि एकाच उंचीवरची पानं करपली असतील, तर रोज तिन्हीसांजेला दिवा कुठे लागतो ते बघा. वृंदावनाला दिव्यासाठी वेगळा कोनाडा असायचा, तो उगाच नव्हता. आता कुंडीतच पणती ठेवली जाते, ज्योत आणि पान यांत चार बोटांचं अंतर. उदबत्ती मातीत खोचली तर राख आणि जळती काडी दोन्ही मुळांपाशी. पणतीतलं तेल मातीत सांडत राहिलं की वर थर बसतो आणि पाणी झिरपत नाही.

दूध घातल्याने तुळस वाढते हा समज आहे. कुंडीत दूध नासतं, वास येतो, बुरशी धरते, चिलटं आणि मुंग्या येतात. हळद-कुंकू चिमूटभर पडलं तर काही बिघडत नाही, पण रोजचं साठत गेलं की मातीवर पापुद्रा बनतो, आणि बाजारातल्या कुंकवात रंग कुठला असतो कुणास ठाऊक. पूजा करायचीच आहे तर कुंडीशेजारी ताम्हण ठेवा आणि हळद-कुंकू, अक्षता, दूध त्यात वाहा. दिवा हातभर लांब लावा.

घरात ‘भरपूर उजेड’ असतो, ऊन नसतं

तुळस ही उघड्यावरची वनस्पती. तिला रोज साधारण सहा तास थेट ऊन लागतं. ‘आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे’ यावर विश्वास ठेवू नका, कारण माणसाचा डोळा कमी उजेडाला पटकन सरावतो. दुपारच्या थेट उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास असतो, नीट उजळलेल्या खोलीत पाचशेच्या आसपास. तुळशीच्या दृष्टीने तुमचा हॉल म्हणजे संध्याकाळच. कमी उजेडात तिच्या फांद्या बारीक, लांबट होऊन खिडकीकडे झुकतात, पानं लहान आणि फिकट होतात, कृष्ण तुळस जांभळा रंग सोडून हिरवट दिसायला लागते. अशी तुळस पाणीही कमी पिते, त्यामुळे माती सुकत नाही आणि गोष्ट पुन्हा कुजलेल्या मुळांवर येते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, तेव्हा हेच होतं. जुलैमध्ये मे महिन्याच्या हिशेबाने पाणी घालू नका.

उलटंही घडतं. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप आणलं आणि एप्रिल-मेच्या उन्हात थेट गच्चीवर ठेवलं, तर वरची पानं आधी पांढरट आणि मग तपकिरी होतात. आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्या, मग मुदत वाढवा. नर्सरीतून आणताना आणखी एक गोष्ट तपासा. मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. वाहतुकीत फुटू नये म्हणून तो तसा बांधतात. तो तसाच कुंडीत ठेवला तर पाणी बाजूने निघून जातं किंवा आत अडकून राहतं. गोळा हलक्या हाताने मोकळा करा. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण तुळशीला मानवतं. नुसती काळी माती नको. ती ओली झाली की पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते.

तुळशीचं लग्न झालं की तुळस का वाळते?

कार्तिकात तुळशीचं लग्न होतं आणि त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत अनेक घरांतली तुळस वाळते. यावरून बऱ्याच कथा जुळवल्या जातात. साधं कारण असं की पावसाळ्यानंतर तुळशीला भरपूर मंजिऱ्या येतात. मंजिरीत बी धरलं की झाडाची ताकद बियांकडे वळते, पानं लहान होतात, खालची गळतात, खोड लाकडासारखं होतं. त्यातच थंडी येते. तुळस उष्ण हवामानातली आहे, रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की तिची पानं काळपट होऊन गळतात. निफाड-नाशिककडच्या आणि विदर्भातल्या घरांना हे चांगलंच ठाऊक असेल. थंडीत कुंडी रात्री आत घ्या, पाणी कमी करा.

मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडत गेलं तर झाड फुटतं आणि जास्त टिकतं. मंजिरी खुडणं पाप वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या की विठ्ठलाला तीच वाहतात. पण कितीही जपलं तरी कुंडीतली तुळस वडापिंपळासारखी वर्षानुवर्षं जगत नाही. दोन-तीन वर्षांत ती म्हातारी होते. त्यात कुणाचा दोष नसतो.

लंडन, टोरांटो किंवा न्यू जर्सीमधल्या मराठी घरांत तर हिवाळ्यात तुळस पूर्णवेळ घरातच असते. तिथे हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो आणि थंडगार काचेला टेकलेली पानं काळी पडतात. कुंडी काचेपासून वीतभर आत, हीटरच्या झोतापासून लांब आणि रोज बारा-चौदा तास एलईडी ग्रो लाइटखाली ठेवली तर ती मार्च-एप्रिल बघते. दिव्याच्या सगळ्यात जवळची पानं फिकट पांढरी होत असतील तर दिवा वर घ्यायचा.

व्हायरल उपायांचं काय?

उकळलेली चहापत्ती घाला, असं सांगणारे रील्स भरपूर आहेत. आपला चहा दूध-साखरेचा असतो, हे रील्सवाले विसरतात. न धुतलेली चहापत्ती म्हणजे मुंग्यांना निमंत्रण आणि बुरशीला खाऊ. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम खरंच कमी असेल तरच त्याचा उपयोग, नाहीतर आधीच क्षार साठलेल्या कुंडीत आणखी एक क्षार. आणि ‘एका रात्रीत हिरवीगार’ असं जिथे लिहिलंय ते पुढे सरकवा. तपकिरी झालेलं पान कशानेही पुन्हा हिरवं होत नाही. सुधारणा नेहमी नव्या फुटीत दिसते आणि तिला दोन-तीन आठवडे लागतात.

पूर्ण वाळलेली तुळस फेकण्याआधी खोडावर नखाने हलकं खरवडा. साल निघून आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. वरून सुरू करून खाली-खाली खरवडत जा आणि जिथे हिरवं लागेल तिथल्या थोडं वरून वाळका भाग कापा. माती ओली असेल तर झाड कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी मुळं कात्रीने कापून टाका, झाड कोरड्या नव्या मातीत लावा आणि आठवडाभर कडक उन्हापासून लांब ठेवा. या काळात खत अजिबात नको.

खरवडल्यावर बुंध्यापर्यंत तपकिरी, कोरडंच लागलं तर ती गेली. तिच्यावरच्या वाळलेल्या मंजिऱ्या मात्र तळहातावर चुरगळून बघा. मोहरीहून बारीक काळसर दाणे निघतात, तेच बी. ओलसर मातीवर नुसतं पसरा, खोल पुरू नका, वरून हलका पाण्याचा फवारा मारत राहा. उबदार हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत रोपं वर येतात, आणि पहिल्या दिवसापासून तुमच्याच गॅलरीच्या उन्हात वाढलेली असल्याने ती नर्सरीतल्या रोपापेक्षा तिथे लवकर रुळतात.